बाथरूमची खिडकी

"वारा आहे, दुसरं काही नाही," मी स्टुलावरून उतरत म्हणालो. "सापडलं एकदाचं."

आई बाथरूमच्या दारात उभी होती, हाताला चकलीची भाजणी लागलेली. तिला एवढंच विचारायचं होतं की जावईबापू आंघोळीला बसतील तेव्हा गिझर मध्येच विझणार नाही ना. मी म्हणालो, आता विझला तर नाव बदलीन.

ही २००२ सालची गोष्ट. दिवाळीला चार दिवस राहिले होते आणि वृषालीताईचा पहिला दिवाळसण होता. आमच्या घरात त्या सणाचं महत्त्व जरा जास्तच होतं, कारण ताईचं लग्न होईल अशी आशा आई-अण्णांनी जवळजवळ सोडलेली होती. ताईला मंगळ होता. अकरा स्थळं नुसत्या पत्रिकेवरून परत गेली, त्यातल्या सातांनी तर तिचं तोंडही पाहिलं नाही. बाराव्या खेपेला इस्लामपूरचे वडगावकर आले. मुलगा निशिकांत, हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. त्याच्या आईने, म्हणजे माईंनी, पत्रिका बघून नाही म्हणून मान हलवली होती. पण हा म्हणाला, मंगळावर पाणी आहे की नाही हेच अजून ठरायचंय, तो इतक्या लांबून माझ्या वाईटावर कशाला टपेल? घरात भांडून त्याने ताईशी लग्न केलं. माईंनी होकार दिला, पण देताना सगळ्यांसमोर एक वाक्य बोलून ठेवलं, "माझ्या मुलाच्या केसाला धक्का लागला तर मी कुणाला सोडायची नाही." लग्नाच्या मांडवात ते वाक्य आम्ही हसण्यावारी नेलं. ताईने नेलं नाही. निशिकांतरावांना साधं पडसं झालं तरी ती घाबरून आईला फोन करायची.

तर गिझर. आमच्या साताऱ्याच्या घरात तोवर तांब्याचा बंब होता. जावयासमोर कुणी गोवऱ्या घालत बसायचं, म्हणून सप्टेंबरात अण्णांनी गॅसचा गिझर बसवून घेतला. बसवायला दस्तगीर नावाचा मेस्त्री आला होता. मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झालेलो आणि पुण्याच्या एका कारखान्यातली नोकरी ठरलेली, जानेवारीत रुजू व्हायचं होतं. म्हणजे अंगात शहाणपण मावत नव्हतं. पाइपचा वळसा चुकलाय असं मी त्याला सांगितलं आणि पाना स्वतःच्या हातात घेतला. तो शांतपणे म्हणाला, साहेब, नट उलटा फिरवताय, तो आधी सोडा. अण्णा हसले. दस्तगीरचं बोलणं मी विसरलो असतो, अण्णांचं हसणं मला झोंबलं.

जाताना दस्तगीरने अण्णांना बजावलं होतं, "ही काचेच्या पट्ट्यांची खिडकी कायम उघडी ठेवायची. थंडी वाजली तरी चालेल."

ऑक्टोबरात गिझर मध्येच विझायला लागला. अंगाला साबण लावलेला आणि वरून गार पाणी. आई म्हणाली, दस्तगीरला बोलवा. मी म्हणालो, त्याची काय गरज? पहिल्यांदा मी खालचे दोन मोठे सेल बदलले. दोन दिवस बरा चालला, पुन्हा विझला. मग पाण्याच्या नळीतली बारीक जाळी काढली, तिच्यात वाळू बसलेली होती, ती घासून लावली. धार वाढली, पण विझायचा तो विझायचाच. मग साबणाचा फेस करून गॅसच्या नळीला लावून पाहिला, कुठे गळती नव्हती. रेग्युलेटर बदलून पाहिला. वहीत मी तारीखवार लिहून ठेवत होतो, काय केलं आणि काय झालं. ती वही बघून अण्णा एकदा म्हणाले, पोरगं डोकं लावतंय. मी ते दिवसभर मनात घोळवलं.

शेवटी एका सकाळी मी स्टुलावर चढून आतल्या ज्योतीकडे बघत उभा राहिलो आणि मला दिसलं. यवतेश्वराच्या डोंगराकडून वारा सुटला की खिडकीतून झोत यायचा, ज्योत वाकायची आणि विझायची. इतकं सोपं. नंबरप्लेटा रंगवणाऱ्याकडून मी ॲक्रिलिकचा जाड तुकडा कापून आणला, खिडकीच्या चौकटीवर आतून बसवला, चार स्क्रू मारले आणि कडेने सिलिकॉन भरलं. फट म्हणून ठेवली नाही. काम नीटनेटकं झालं होतं, हे मला आजही म्हणावं लागतं.

त्यानंतर गिझर एकदाही विझला नाही.

आईने मला त्या दिवशी शेजारच्या काकूंपुढे उभं केलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. अण्णांनी खिडकीकडे बघितलं आणि दस्तगीर काहीतरी म्हणाला होता ना, असं विचारलं. मी सांगितलं, त्या लोकांना काहीही करून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या असतात. अण्णांना पटलं. त्यांना पटावं असंच मी बोललो होतो.

धनत्रयोदशीला आईचं डोकं दुखत होतं, दोनदा उलटी झाली. तळणाचा धूर बाधला, असं ती म्हणाली. आदल्या दिवशी अण्णांना आंघोळीनंतर घेरी आली होती, ते रक्तदाबावर गेलं. घरातल्या एका बिघाडाचं कारण मी तीन आठवडे शोधत होतो. या दोन्हींचं मला शोधावंसं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी ताई आणि निशिकांतराव आले. ताई आंघोळ करून आली आणि म्हणाली, बाथरूम किती उबदार झालंय. मी तिला आत नेऊन ॲक्रिलिक दाखवलं. ती म्हणाली, "रंगा, तू ना, खरंच हुशार आहेस." निशिकांतराव बाहेरून म्हणाले, मेहुण्यांना आमच्या शाळेत प्रयोगशाळेत घ्यायला हवं.

नरकचतुर्दशीला पहाटे आधी अण्णांनी आंघोळ केली, मग मी. मला पाच मिनिटं लागली. मग निशिकांतराव पाटावर बसले. ताईने तेल लावलं, उटणं लावलं, आईने ओवाळलं. ते गुदगुल्या होत असल्यासारखे हसत होते. जावयाला घाई करायची नाही, पाणी सोडून ठेव भरपूर, असं आईने सांगितलं. गिझरची कळ मी स्वतः पूर्ण फिरवली आणि बाहेर आलो. त्यांनी दार लावलं. मी आमच्या पद्धतीप्रमाणे दाराबाहेर फुलबाजी लावली. आतून ते एक नाट्यपद गुणगुणत होते, सूर बरा होता. मग गाणं थांबलं. पाण्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, आवडलेलं दिसतंय पाणी.

पंचवीस मिनिटं झाल्यावर ताईने हसत दार वाजवलं. "अहो, फराळ वाट बघतोय." पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवताना ती हसत नव्हती.

दार मी आणि अण्णांनी फोडलं. ते भिंतीला टेकून बसलेले होते, बादली भरून वाहत होती. आम्ही त्यांना ओढून बाहेर काढलं. गिझर बंद करायला मी पुन्हा आत गेलो आणि माझेच गुडघे लुळे पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून बाहेर येताना मला सगळं कळलं. हवा पुरली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हा आठ मार्कांचा प्रश्न होता. मला सात मिळाले होते.

गल्लीतले डॉक्टर आले. छाती दाबून, नाडी बघून त्यांनी मान हलवली. हृदय बंद पडलंय, म्हणाले, हल्ली तरुण मुलांचंही होतं. वय एकोणतीस. जमलेल्या बायका म्हणत होत्या, चेहरा किती टवटवीत आहे, झोपलाय असं वाटतं. तो टवटवीतपणा त्या गॅसने आलेला होता, हे त्या घरात मला एकट्याला ठाऊक होतं.

इस्लामपूरला फोन गेला. माई येईपर्यंत दोन तास होते. सगळे पुढच्या खोलीत होते. मी बाथरूमचं दार आतून लावलं, चार स्क्रू काढले, सुरीने सिलिकॉन कापलं आणि ॲक्रिलिकचा तुकडा मागच्या माळ्यावर जुन्या गाद्यांखाली ढकलला. बाहेर ताईचा आवाज ऐकू येत होता आणि मी सिलिकॉनचे तुकडे वेचत होतो, एकही खाली राहू नये म्हणून.

माई आल्या. मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कुणीतरी म्हणालं, एवढ्या तरण्या माणसाचं एकदा सिव्हिलमध्ये दाखवून घ्यावं. माई म्हणाल्या, माझ्या लेकराला चिरायचं नाही. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली, जणू तिनेच काही केलं होतं. दुपारी त्यांना इस्लामपूरला नेलं, ताईही माईंबरोबर गेली.

तिसऱ्या दिवशी दस्तगीर भेटायला आला. अण्णांजवळ थोडा वेळ बसला आणि हात धुतो म्हणून आत गेला. बाहेर येऊन त्याने अण्णांना बाजूला घेतलं. जाताना माझ्याजवळ थांबला, वाटलं आता बोलणार. नुसता बघून गेला.

संध्याकाळी अण्णांनी मला गच्चीवर बोलावलं. तिथे आकाशकंदील अजून तसाच लटकत होता, उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"खिडकीच्या चौकटीला सिलिकॉन आहे म्हणतो तो. ताजं."

मी कंदिलाच्या दोरीची गाठ चाचपली.

"कुठंय ते प्लॅस्टिक?"

"माळ्यावर."

अण्णा कठड्याला धरून खाली बसले. मी म्हणालो, अण्णा, मी सांगतो सगळ्यांना. हे मी म्हणालो होतो, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण म्हणताना मला हेही कळत होतं की ते नको म्हणतील.

"कुणाला सांगतोस? पोलिसांना? जानेवारीत नोकरीवर जायचंय तुला. तिचं जे व्हायचं ते झालं. आता तुझं होऊ देणार नाही मी." मग म्हणाले, "तुझ्या आईला कळता कामा नये. ती जगायची नाही."

"आणि ताई?"

"ती सोसेल," अण्णा म्हणाले.

त्या रविवारी अण्णांनी माळ्यावरून काढलेलं ॲक्रिलिक कुठे गेलं ते मी विचारलं नाही. गिझर अण्णांनी काढून भंगारात दिला आणि बंब पुन्हा लागला. लोकांना वाटलं, दुःखामुळे.

तेराव्याला आम्ही आदल्या दिवशीच इस्लामपूरला गेलो. जेवणं झाल्यावर माजघरात घरची माणसं बसली. ताई भिंतीशी होती, कपाळ मोकळं, माझ्याहून चार वर्षांनी मोठी पण त्या दिवशी शाळकरी पोरीएवढी दिसत होती. माई शांतपणे बोलायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मी पत्रिका बघितली तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं नाही माझं. सहा महिने, बास. सहा महिन्यांत तिच्या मंगळाने माझा मुलगा खाल्ला. मला तिचा तिरस्कार नाही. पण ती डोळ्यांसमोर नको. तुमची मुलगी तुम्ही घेऊन जा."

ताई म्हणाली, "माई, मला इथंच राहू द्या. मी कोपऱ्यात राहीन. त्यांच्या शाळेची मुलं येतात घरी, त्यांचा अभ्यास घेईन." मग तिने अण्णांकडे पाहिलं. तिला वाटत होतं, बाप काहीतरी बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की माझ्या मुलीचा यात काय दोष.

एकच वाक्य बोलायचं होतं. मंगळ नाही, मी. ते मी बोललो असतो तर माईंनी मला तिथेच फाडलं असतं, पण ताई त्या घरची सून राहिली असती. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. जीभ ठीक होती. मी अण्णांच्या मागे जरा सरकून बसलो.

अण्णांनी हात जोडले. "आमच्या मुलीचं नशीब," ते म्हणाले. "आम्ही घेऊन जातो."

 परत येताना गाडीत, कराड गेल्यावर, ताईने विचारलं, "अण्णा, तुम्हालाही तसंच वाटतं का?" अण्णा काचेतून बाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

जानेवारीत मी नोकरीवर गेलो. पुढे बढत्या मिळाल्या, लग्न झालं, पुण्यात फ्लॅट झाला, दोन मुलं झाली. माझ्या लग्नात ताई मागच्या खोलीत बसून होती, कारण मुलीकडच्या एका आत्याला तिचं पुढे येणं पसंत नव्हतं. मी ते ऐकून घेतलं. ताई साताऱ्यातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात लागली. तिची दोन स्थळं आली आणि मोडली. आई तिला अधूनमधून म्हणायची, तुझ्या पत्रिकेपुढे कुणाचं काय चालणार गं. आई वाईट नव्हती. तिला खरं सांगितलं गेलं नव्हतं, एवढंच.

आई गेली. मग २०१६ च्या जानेवारीत अण्णा गेले. त्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला एकटा गेलो. ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. खिडकी, सिलिकॉन, माळा, गच्ची, सगळं. वाक्यं मी पुण्याहून येतानाच जुळवून ठेवली होती.

ताईचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आदल्या संध्याकाळी तूच दाखवलं होतंस ना मला. ते गेले त्या दुपारी इस्लामपूरला निघताना बायकांनी तोंड धुवायला मला आत नेलं. खिडकीवर काही नव्हतं. गार वारा येत होता. आधी काही कळलं नाही. मग गाडीत कळलं. मला आठवलं, त्यांनीच एकदा वर्गात शिकवलेलं घरी येऊन सांगितलं होतं, बंद खोलीत शेगडी पेटवू नये म्हणून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. तेराव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आलात. तू बाहेर माणसांत बसला होतास. मी अण्णांना मागच्या अंगणात नेऊन विचारलं. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं." तिने निवडलेली पानं चाळणीत टाकली. "बापाने पायांवर डोकं ठेवल्यावर पोरीने काय बोलायचं असतं, तुला माहीत असेल तर सांग."

म्हणजे दुसऱ्या दिवशी माजघरात तिने अण्णांकडे पाहिलं ते वेगळ्या कारणाने. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती फक्त वाट बघत होती, आपण होऊन कुणी बोलतंय का. गाडीत तिने जे विचारलं तेही त्याचसाठी. चौदा वर्षं मी जो प्रसंग आठवत होतो तो तसा नव्हताच.

मी खाली वाकायला लागलो. तिने पाय मागे घेतले.

"ते नको. आपल्या घरातल्या पुरुषांना ते बरं जमतं."

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हे बघ रंगा. तुझ्या हातून झालं ते मी केव्हाच सोडून दिलं. तुला काय त्यांना मारायचं होतं? ॲक्रिलिक काढून ठेवलंस, तेही सोडलं. घाबरलास. पण नंतर ते कोरेगावचं स्थळ आलं होतं, त्यांनी मंगळाची शांत करून या म्हणून सांगितलं. तू पुण्याहून मुद्दाम गाडी घेऊन आलास मला न्यायला. गुरुजी म्हणाले, नवरा खाल्लेला मंगळ आहे, साध्या शांतीने भागणार नाही. दिवसभर मी उपाशी धुरात बसले होते. आणि तू माझ्या शेजारी बसून गुरुजींना तुपाची वाटी देत होतास. मध्ये एकदा मला विचारलंस, ताई, दमलीस का. ते मला विसरता येत नाही."

मी तो दिवस कधी कुणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही. मला वाटायचं, मी त्या दिवशी बहिणीसाठी रजा काढून गेलो होतो.

"मी काय करू?" मी विचारलं.

"मला नको सांगूस, मला माहीत आहे. माई अजून आहेत. त्यांना जाऊन सांग. त्या मरायच्या आधी त्यांना कळू दे, मी त्यांच्या मुलाला काही केलं नाही. बाकी मला काही नको."

मी दुसऱ्या दिवशी जातो म्हणालो. प्रत्यक्षात गेलो दिवाळीनंतर, पाच महिन्यांनी. मधल्या काळात ताईने एकदाही विचारलं नाही.

माई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. ओसरीवर खुर्चीत बसलेल्या, मोतीबिंदूचा जाड चष्मा, पण कान शाबूत होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. पुतण्याची सून चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. या वेळी वाक्यं जुळवली नव्हती. गिझर विझत होता इथपासून सुरू केलं आणि सुरीपर्यंत आलो. अण्णांनी काय सांगितलं तेही बोललो. बोलताना रडू आलं, ते आवरलं नाही. माझं संपल्यावर मी वाट बघत होतो, आता हात उगारतील, आता घरातल्या माणसांना हाक मारतील. खरोखर, मला ते हवं होतं.

त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"बहिणीवरचा डाग पुसायला स्वतःवर खून ओढून घेतोस होय रे?"

"माई, हे खोटं नाही. ते प्लॅस्टिक मी..."

"असू दे. मला कळतं. तिचं कुठंतरी पुन्हा जमत असेल, त्यांना आमच्याकडून शब्द हवा असेल. मी देते शब्द. सांग त्यांना, माईंचा राग राहिला नाही. पत्रिकेतच होतं, ती पोर तरी काय करणार? मी तिला केव्हाच माफ केलंय."

मी पुन्हा सांगितलं. डॉक्टरांची चूक कशी झाली, चेहरा तसा का दिसत होता, सगळं. त्या डोळे मिटून मान हलवत होत्या, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशा. मी अजून एकदा सांगायला हवं होतं. दस्तगीरला घेऊन येतो म्हणायला हवं होतं, साताऱ्यात तो अजून कामं करतो. चहा आला. मी कप हातात घेतला.

"सख्ख्या भावाने एवढं करायचं म्हणजे थोडी गोष्ट नाही," माई सुनेला सांगत होत्या. "तिचं बाकी सगळं नशीब फुटकं असेल, पण भाऊ मात्र देवासारखा दिलाय."

सून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी चहा संपवला. उठून माईंना वाकून नमस्कार केला, त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि माझ्या मुलांसाठी म्हणून सुनेकडून फराळाचा डबा भरून दिला. मी तो घेतला.

पेठ नाक्याच्या अलीकडे ताईचा फोन आला. मी उचलला नाही. डबा शेजारच्या सीटवर होता, रस्ता मोकळा होता. तिचा फोन पुन्हा आला. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं.